दार न वाजवता

बिल थकलेल्या अकरा घरांची यादी सकाळीच वायरमनच्या हातात पडली. राज्यात नवा कायदा आला होता: वीज तोडण्याआधी दार वाजवायचं, घरात कुणी यंत्राच्या आधारानं जगणारं आजारी माणूस आहे का ते विचारायचं, आणि डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर वायरला हात लावायचा नाही. कायद्याचा कागद कार्यालयाच्या भिंतीवर डकवलेलाही होता. पण वायरमन लोकांची जुनी रीत वेगळीच. आधी खांब, मग दार! आधी विचारलं तर लोक शिडी धरून बसतात, रडतात, शिव्या घालतात. बावीस वर्षं तो असंच करत आला होता आणि त्यात काही वाईट आहे असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

सातवं घर एका वेल्डरचं होतं. भर दुपारी वायरमननं खांबाला शिडी लावली, वर जाऊन वायर सोडवली आणि तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली.

आत वेल्डरच्या आईचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं.

"अहो, लाइट गेली! आईंना श्वास घेता येईना!" सून किंचाळली.

वेल्डर भरल्या ताटावरून उठला आणि कोपऱ्यातली पहार घेऊन बाहेर धावला. "आईचा जीव घेतोस माझ्या?" असं ओरडत त्यानं शिडीला लाथ घातली. वायरमन धाडकन फरशीवर आपटला. पहारेचा पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा अडवायला वर केलेल्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज शेजाऱ्यांनाही ऐकू गेला. त्यातले दोघे आले आणि काही न विचारता लाथा घालू लागले. फुकटची मारामारी दिसली की आपल्यातल्या भल्याभल्यांचे हात शिवशिवतात! वायरमनचं कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त गेलं, त्याला समोरचं दिसेना.

वेल्डरनं पुन्हा पहार उगारली तेव्हा त्याची बायको मध्ये पडली. "थांबा! वायर जोडणारा हातच मोडलात की हो! आता आईंना श्वास कोण देणार? ही पहार?"

वेल्डर जागच्या जागी थिजला. पहार त्याच्या हातून गळून पडली.

"आत यंत्र आहे?" वायरमननं कण्हत विचारलं. "मग चिठ्ठी का नाही दिलीत?"

"मागच्याच आठवड्यात दिली," वेल्डरची बायको म्हणाली, "तुमच्या कार्यालयाचा शिक्का मारलेली प्रत घरातच आहे. दार वाजवलं असतंत तर दाखवली असती! कायदा त्यासाठीच केलाय ना? तुम्ही दोन मिनिटं वाचवलीत, यांना दोन मिनिटं दम निघाला नाही. जीव मात्र त्या माउलीचा जातोय!"

वायरमननं बाहीनं डोळ्यांतलं रक्त पुसलं आणि तो कसाबसा उभा राहिला. "शिडी धर," तो वेल्डरला म्हणाला. मोडका हात लोंबत होता. दातांनी ओढून त्यानं डाव्या हातात मोजा चढवला आणि एकेक पायरी वर गेला. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या वेल्डरच्या तोंडावर त्याचं रक्त ठिबकत होतं. वेल्डरनं ते पुसलं नाही. एका हातानं वायर जोडायला किती वेळ लागला कुणास ठाऊक, पण अखेर घरात यंत्र घरघरलं. काळेनिळे पडलेले म्हातारीचे ओठ हळूहळू निवळले.

संध्याकाळी दवाखान्यात जबाब घ्यायला हवालदार आला. "कुणी मारलं?"

"ते लिहाच," वायरमन म्हणाला, "पण आधी माझा गुन्हा लिहा. कायदा मी मोडला. दार वाजवलं नाही."

दाराशी उभा असलेला वेल्डर ढसाढसा रडू लागला. "साहेब, माझंही सगळं लिहा. काही वगळू नका!"

वायरमनच्या उजव्या हाताची बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत. डाव्या हातात यादी असते आणि उजव्याची मूठ वळत नाही, म्हणून तो आता कोपरानं दार वाजवतो आणि आतून उत्तर येईपर्यंत उभा राहतो. नागरिकहो, दुबळ्यांसाठी केलेला कायदा नुसता भिंतीवर डकवून कुणाचा जीव वाचत नाही, आणि तो मोडला म्हणून पहार उचलली तरीही वाचत नाही. तो तुम्ही-आम्ही पाळायचा असतो, आणि कुणी मोडला तर तोंडानं जाब विचारायचा असतो.