पापडीचं रविवारचं वजन

मी वजनकाटा बोलतोय. भाजीवाल्याचा नव्हे आणि सोनाराचा तर नव्हेच. भाईंदर पूर्वेला, केबिन रोडपासून दहा मिनिटांवरच्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातला मी चपटा, पांढरा, दोन सेलवर चालणारा काटा. गोड बोलणं मला जमत नाही. जे आहे ते आकड्यात सांगतो आणि गप्प बसतो.

मला आणलं नीरजने, जिमच्या नादात. रोज चिकन तोलून खायचं, असा त्याचा बेत होता. तो बारा दिवस टिकला. मग माझी रवानगी खणात झाली, लाटण्याच्या शेजारी.

माझं नशीब उघडलं ते दोन गिनीपिगमुळे. नीरजचा ऑफिसातला मित्र परदेशी निघाला आणि आपल्या दोघी त्याच्या गळ्यात मारून गेला. नीरज सकाळी सातला बाहेर पडणारा माणूस, त्यामुळे त्या आल्या त्याच्या आईच्या वाट्याला. उर्मिलाबाईंनी त्यांची नावं ठेवली पापडी आणि बर्फी.

उर्मिलाबाई म्हणजे साधं प्रकरण नाही. खारीगावात तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. निवृत्त झाल्या तरी शिकवायची खोड गेलेली नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडून सगळं नीट विचारून घेतलं आणि मग दिसेल त्याला सांगत सुटल्या. भाजीवाला प्रेमाने पालकाची जुडी पुढे करायचा, तर त्यालाही सुनावायच्या, "भैया, पालक रोज नहीं देने का. शिमला मिर्च दो, उसमें विटामिन सी रहता है. इनके बदन में अपने आप नहीं बनता."

लिफ्टमध्ये कुणी सहज विचारलं, "बिस्कीट खातात का हो?" की आपला मजला मागे गेला तरी बाई उतरायच्या नाहीत. बिस्कीट नाही, पोळी नाही, दूध तर नाहीच. सुकं गवत मात्र ढीगभर, दिवसरात्र, कारण यांचे दात सारखे वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. आंघोळ घालायची नाही. एकटीला ठेवायचं नाही, झुरते बिचारी. आणि शेवटी बोट वर करून, "दर रविवारी वजन. हे प्राणी दुखणं लपवतात. काटा लपवत नाही."

हे ऐकलं की मला अगदी कृतकृत्य वाटायचं.

रविवारी सकाळी माझ्यावर प्लास्टिकचं भांडं ठेवलं जायचं आणि भांड्यात पापडी. नऊशे चाळीस ग्रॅम. बाई तो आकडा कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहायच्या. वरच्या मजल्यावरची पंचशीला बँकेत नोकरी करते. तिच्याकडे पाव खाऊन जगणारी एकच गिनीपिग होती. बाईंनी मागे लागून तिला गवत आणायला लावलं, सोबतीला दुसरी मादी आणायला लावली. काटा तिच्याकडे नव्हता, म्हणून तीही दोघींना टोपलीत घालून रविवारी खाली यायची.

तेव्हा बाई तिला अंगणवाडीचे किस्से सांगायच्या. बाळाचं वजन करायचं म्हटलं की काही आया बाळाला पदराआड घ्यायच्या, "नको बाई, पोराला नजर लागंल." बाईंचं उत्तर ठरलेलं, "लागली तर काट्याला लागेल. तू पोर ठेव." अशी तीस वर्षं त्यांनी आयांशी हुज्जत घातली आणि शेकडो बाळं काट्यावर ठेवली.

आणि तीच बाई घसरली.

झालं असं की, बाईंकडे हळदीकुंकू होतं. आलेल्या बायका पापडीभोवती जमल्या. "किती गुबगुबीत गं," म्हणून जी ती कौतुक करत होती. पुढच्या रविवारी मी आकडा दाखवला, नऊशे पाच. बाईंनी तो कॅलेंडरवर लिहिलाच नाही. मग त्यांनी पापडीवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि मला उचलून खणात ठेवलं. "सारखं तोलणं बरं नाही," असं पुटपुटल्यादेखील. दुसऱ्यांच्या लेकरांच्या बाबतीत ज्यांनी नजरेला कधी जुमानलं नाही, त्या स्वतःच्या लेकरासाठी नजरेला भ्यायल्या. मला राग आला, पण खरं सांगायचं तर त्यांची दयाच जास्त आली.

पुढच्या रविवारी पंचशीला टोपली घेऊन आली. बाई म्हणाल्या, "सेल संपलेत गं." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. माझे सेल शाबूत होते. खणातून मला पापडीची शिट्टी ऐकू यायची. आधी कोथिंबिरीची पिशवी वाजली की ती घर डोक्यावर घ्यायची. आता आवाज बारीक झाला होता, मग तोही येईना.

तिसऱ्या रविवारी पंचशीला नवे सेल घेऊनच आली. तिने खण उघडला, मला ओट्यावर ठेवलं आणि सेल बदलायच्या आधी सहज बटण दाबलं. मी उजळलो. मला दुसरं काही येतच नाही.

पंचशीलाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. "ती बारीक झालीये गं," त्या म्हणाल्या. "मला दिसतंय. आकडा बघायची हिंमत होत नाही."

"काकू, नजर लागली तर काट्याला लागेल," पंचशीला हळूच म्हणाली. "ठेवा तिला."

बाईंनी पापडीला ठेवलं. सातशे साठ.

त्यानंतर रिक्षा, डॉक्टर, सगळं भराभर झालं. मागचे दात वाढून जिभेला टोचत होते. भूक होती, पण चावता येत नव्हतं. आणखी आठवडा गेला असता तर हातची गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी वाढलेले दात घासून कमी केले, आणि घरी बाई दर दोन तासांनी सिरिंजने पातळ खाणं भरवू लागल्या. आता माझ्यावर रोज वजन. सातशे पंचावन्न. सातशे अठ्ठावन्न. सातशे सत्तर झालं त्या दिवशी बाई ओट्याला टेकून रडल्या.

आज पापडी नऊशे वीस आहे. माझ्या कडेला तिचे दातही उमटलेत आणि मी कायमचा ओट्यावर असतो. बाई अजून लिफ्टमध्ये शिकवतात, पण आता शेवटी बोट वर करत नाहीत. आवाज खाली आणून सांगतात, "मी स्वतः काटा खणात ठेवला होता. तुम्ही ठेवू नका."

माझंही एवढंच मागणं आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याला रविवारी माझ्यावर ठेवा आणि आकडा नीट बघा. नजर लागायचीच असेल तर मला लागू द्या, मी समर्थ आहे.