पुलापलीकडच्या मुली

"ही चांदणी आहे की माशीची घाण?" शेजारच्या टेबलावरून पुटपुट आली. "सुधारलेल्या आकड्याला खूण करायची, तर लोकांना दिसेल अशी तरी करा. आमचे डोळे काय उसने आणलेत?"

पुटपुटणारे दशांशकाका. शिक्षण खात्याच्या सांख्यिकी विभागात त्यांना खरं नाव होतं, पण दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावरून ते कुणाशीही भांडत, म्हणून हेच चिकटलं. त्यांच्या शेजारी बसणारी बाई घरात सगळ्यांत लहान, म्हणून आपणही तिला धाकटीच म्हणू. एरवी ती काकांना एखादा टोला परत देई. पण महिनाभर तिचं तोंड मिटलेलं होतं.

महिन्यापूर्वी खात्याचा वार्षिक अहवाल बाहेर पडला, आणि त्यात तिच्या थोरल्या बहिणीच्या शाळेपुढे छापलं होतं की सातवीनंतर दर तीन मुलींतली एक शाळा सोडते. ताई तिथे मुख्याध्यापिका. वर्तमानपत्राने शाळेच्या फाटकाच्या फोटोसकट बातमी दिली आणि ताईवर चौकशी बसली. ती येत्या सोमवारी होती. पद जाणार हे जवळजवळ धरूनच चाललं होतं.

घरी या विषयाला कुणी शिवत नव्हतं. रविवारी सगळे ताईकडे जेवायला जमत, भावजी हवापाण्यावर बोलत, आई कुणी मागितलं नसतानाही वाढत राही. ताई एकदाच म्हणाली होती, "पुलापलीकडच्या नव्या शाळेत गेल्यात गं त्या. दाखले मीच दिलेत." धाकटीने मान हलवली होती. कशी हलवली, ते ताईने पाहिलं होतं.

मग एका दुपारी, उशिरा आलेल्या माहितीचा ढीग उपसताना, पुलापलीकडच्या त्या शाळेची फाईल धाकटीपुढे उघडली. शाळा वर्षाच्या मध्यातच सुरू झालेली. त्यामुळे मुलांना आधी तात्पुरते क्रमांक दिले होते. आता त्यांचे मूळचे, शाळा बदलली तरी न बदलणारे क्रमांक भरून आले होते. धाकटीने त्यांतला एक ताईच्या शाळेच्या यादीत शोधला. सापडला. दुसरा, तोही. अहवालाच्या वेळी संगणकाने मूळ क्रमांक शोधले, ते त्याला कुठे मिळाले नाहीत, आणि जे मिळत नाही ते त्याने गळतीत टाकलं. पोरी वर्गात बसून गणितं सोडवत होत्या आणि अहवालात मात्र घरी भांडी घासत होत्या.

तिसरा क्रमांक टाकायला गेलेलं बोट तिने मागे घेतलं.

"काका, हे तुम्ही बघा. मला हात लावता येणार नाही. ती माझी सख्खी बहीण आहे."

"ठाऊक आहे. अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे. तुम्हीच तेवढ्या सांगायच्या राहिल्या होतात." त्यांनी चष्मा पुसला. "साहेबांना लिहून द्या आणि माझ्या मागे घुटमळू नका. चहा प्या, कुंड्यांना पाणी घाला, काय वाटेल ते करा."

तिने लिहून दिलं आणि पलीकडच्या खोलीत शाळांतल्या नळांचे आकडे तपासत बसली. तो दिवस गेला, दुसराही सरत आला. काका जिन्यात समोर आले की छताकडे बघत. बातमी चांगली की वाईट, याचा अंदाज ती त्यांच्या पाठीवरूनही बांधू लागली.

शेवटी त्यांनी दारातून डोकं आत घातलं. "आहेत. वर्गात आहेत तुमच्या मुली. त्या शाळेला फोन करून हजेरीसुद्धा वाचून घेतली. पाचजणी मात्र कुठेच नाहीत. त्या पाच गळतीतच राहतील, मी सोडणार नाही, आधीच सांगतो. बहीण असो की कुणी."

"सोडू नका," धाकटी म्हणाली, आणि खुर्चीत बसताना तिला कळलं की आपण केव्हाच्या उठून उभ्या होतो.

पुढे गाडं साहेबांच्या खोलीत अडलं. धाकटी बाहेरच्या बाकावर, दार अर्धवट उघडं. साहेब माणूस भला, पण 'चूक' हा शब्द काही त्यांच्या तोंडातून निघत नसे.

"सुधारित आकडे म्हणून टाकू की. दरवर्षी टाकतो. कुणाच्या डोळ्यांवर येत नाही."

"म्हणूनच नको," काका म्हणाले. "माहिती उशिरा आली आणि आकडा बदलला, तर तो सुधारित. इथे 'सापडली नाही' याला आपण 'शाळा सोडली' म्हटलं. याला शुद्धिपत्रक लागतं. जुना आकडा खोडलेला दिसला पाहिजे, शेजारी नवा, आणि कारण वरती, ठळक."

"ठळक कशाला?"

"बातमी ठळक होती, साहेब."

आत साहेबांनी कागद उलटला.

"आणखी कुणाचं झालंय असं?"

"वर्षाच्या मध्यात सुरू झालेल्या सगळ्या शाळा तपासल्या. आणखी दोन ठिकाणी निघालं. तेही घातलंय."

"म्हणजे तीनदा नाक कापून घ्यायचं."

"एकदाच. तिन्ही एकाच कागदावर आहेत."

साहेबांना हसू आवरलं नाही. पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. "गंमत आहे," ते म्हणाले, "सही केल्यावर हलकं वाटतंय."

शुक्रवारी सकाळी शुद्धिपत्रक प्रसिद्ध झालं आणि दुपारी चौकशी रद्द झाल्याचं पत्र ताईच्या हातात पडलं. संध्याकाळी धाकटी पोचली तेव्हा भावजी ते शुद्धिपत्रक मोबाईलवरून तिसऱ्यांदा मोठ्याने वाचत होते, जणू घरातली लग्नपत्रिका. आई स्वस्थ बसून ऐकत होती. ताई हसत होती, मध्येच पदराने डोळे टिपत होती.

"त्या पाचांतल्या दोघी कुठे आहेत ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "सोमवारी जाते त्यांच्या घरी. नाहीतरी सोमवार आता रिकामाच झालाय."

नंतर दोघी बहिणी स्वयंपाकघरात कप धूत राहिल्या. ताई विसळत होती, धाकटी पुसत होती.

"पुरे की. भोक पाडशील त्या कपाला."

"ताई, तो तक्ता माझ्याच हाताखालून गेला होता. आणि तू म्हणालीस ना, दाखले दिलेत, तेव्हा मी..."

ताईने नळ बंद केला.

"मी पुलापलीकडे गेले होते. दोनदा. शाळा सुटायच्या वेळेला. फाटक दिसलं की मागे फिरले."

"का? आत जाऊन विचारायचं ना."

"दाखला नेला म्हणजे तिकडे नाव घातलंच, असं थोडंच असतं? नेला असेल, आणि पोरीला घरी बसवलं असेल." तिने धाकटीच्या हातातला कप काढून घेतला. "तुला खरं वाटलं, ते मला त्याच रविवारी कळलं. म्हणून तर रागावले होते तुझ्यावर. पण धाकटे, खरं मलाही वाटलं होतं."