मागच्या बाकावरचा सूर

शिंपीमामांना संशय यायला कारण लागत नसे, आणि आता तर चांगलं कारण सापडलं होतं. त्यांच्या चर्चमध्ये ना पेटी, ना ऑर्गन. बावीस वर्षं मामा उभे राहून गीताची पहिली ओळ एकटे म्हणत, मग सगळी मंडळी तोच सूर उचले. गळा देवाचा, आपलं काही नाही, असं ते नम्रपणे सांगत, आणि दिवसातून चारदा सांगत.

हल्ली मागच्या बाकांवरून एका बाईचा आवाज त्यांच्या सुराला चिकटून येई. मामांनी मान वळवली की गर्दीत बुडे.

"कुठंतरी पाणी मुरतंय," ते घरी म्हणाले. "कुणाचा तरी माझ्या जागेवर डोळा आहे."

"मनी वसे ते स्वप्नी दिसे," मामी म्हणाल्या. "जेवा आता."

मामांनी कापड पारखावं तसा एकेक बाक पारखला. तिसऱ्या रविवारी चोर सापडला. सहा महिन्यांपूर्वी बदली होऊन आलेली नर्सबाई! उपासना संपताच त्यांनी तिला दारात गाठलं.

"बाई, तुमच्या आवाजानं मंडळी गोंधळते. जरा मनातल्या मनात गात चला."

"बरं, मामा," ती म्हणाली. इतक्या सहज ऐकलं म्हणून मामांचा संशय दुप्पट झाला.

पुढच्या रविवारी ती ओठ मिटून उभी राहिली. मामांनी ऐटीत सूर लावला. दुसऱ्या कडव्यात तो घसरला, तिसऱ्यात आणखी, आणि त्यांच्यामागे अख्खी मंडळी खाली उतरत गेली. चौथ्या कडव्याला नुसती गुरगुर उरली. पाळकसाहेबांनी पुस्तकात डोकं खुपसलं.

आपला गळा कधीचाच थकलाय आणि ही बाई मुकाट्याने तो सावरून धरत होती, हे मामांना तिथेच कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर्दीचं निमित्त सांगून वेळ मारून नेता आली असती.

"थांबा मंडळी. सूर माझा उतरतोय," ते म्हणाले. "नर्सबाई, पुढं या. तुम्ही सुरू करा."

"तुम्हीच करा, मामा. मी आहे मागं."

एवढी नम्रता खरी असते का, ही शंका सवयीने डोकावलीच. मामांनी त्या शंकेला थारा दिला नाही.

"मागं नको. इथं या," म्हणत ते बाजूला सरकले.

ती आली. मामांनी पहिल्या ओळीसाठी तोंड उघडलं, आणि तिचा सूर लागेपर्यंत थांबले.