पाण्यातला ण

रजनीबाईंच्या घरी जातपात मानत नसत, आणि ही गोष्ट त्या आल्यागेल्याला चहा संपायच्या आत सांगत. त्या दिवशी सकाळी बंजारा तांड्यावरची जमनी बरबटीच्या शेंगा घेऊन दारव्ह्याला आली, तेव्हाही बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि घरातल्याच कपात चहा दिला. नरहरराव, म्हणजे बाईंचे यजमान, कचेरीत नोकरी करणारी घराण्यातली तिसरी पिढी. ते पेपरामागून म्हणाले, "बसा, बसा. आमच्याकडे तसलं काही नाही." जमनी खुर्चीच्या काठावर अंग चोरून बसली. तिची मुलगी अंजू दारातच उभी राहिली.

आत बाईंची गुंजन मोठ्यानं धडा वाचत होती. एका ओळीवर ती अडखळली. दारातून अंजूनं ती ओळ पुरी केली, पुस्तकाकडे न बघता.

"तोंडपाठ हाय तिले सारं," जमनी कौतुकानं म्हणाली.

रजनीबाई हसल्या, पण पोटात जळलं. दोघी मुली नववीत, दोघींना शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई म्हणजे स्वतः रजनीबाईच. गुंजनला स्वतंत्र टेबल, रोजचं दूध, कपाटभर पुस्तकं. आणि पुढे कोण, तर ही!

शाळा चालवणारी संस्था दर वर्षी एका मुलीला यवतमाळच्या वसतिगृहात ठेवून बारावीपर्यंत शिकवत असे. निवड लेखी परीक्षेवर आणि मोठ्यानं वाचण्यावर. गुंजनला ती जागा मिळाली तर फळ्यावर नाव लागलं असतं, एवढंच. यवतमाळला खोली घेऊन द्यायची नरहररावांची ऐपत होती. अंजूचं तसं नव्हतं. लागोपाठ तिसऱ्या वर्षी कापसानं दगा दिला होता आणि तिचा बाप धावजी दिवाळीनंतर कुटुंब घेऊन ऊसतोडीला निघणार होता. नाव लागलं तर पोरीच्या हाती पुस्तक, नाही लागलं तर कोयता.

लेखी परीक्षेत अंजू आठ गुणांनी पुढे गेली. वाचनाचे गुण द्यायचे होते रजनीबाईंनी. "माझीच मुलगी आहे सर, मला नको," असं त्या हेडसरांना म्हणाल्याही. सर म्हणाले, "बाई, तुमच्यावर आमचा भरवसा आहे." बाईंनी दुसऱ्यांदा नको म्हटलं नाही. हेवा भारी हुशार. तो स्वतःचं नाव सांगून कधी घरात शिरत नाही, कुठल्यातरी नियमाचं नाव सांगतो. बाईंना तो नियम आयता सापडला: शुद्ध उच्चार.

खरं म्हणजे बाईंचं स्वतःचं माहेर ढाणकीचं. तिथं लहानपणी सगळ्यांसारखं त्याही 'पानी' म्हणत. लग्नानंतर पुण्याची नणंद, गौरीवन्सं, भरल्या पंगतीत म्हणाली होती, "वहिनी, पाणी! तुमचा ण कुठे सांडला?" पंगत हसली. नव्या सुनेनं त्यानंतर दोन वर्षं न्हाणीघरात एकटीनं 'पाणी, पाणी' घोकलं. ज्याला असा चटका बसतो त्याला दुसऱ्याची कणव यावी, असं आपण समजतो. पुष्कळदा तो दुसऱ्याला चटका द्यायची वाट बघत असतो.

वाचनाचा उतारा विहिरीवरचा होता. गुंजननं तो स्वच्छ, न चुकता वाचला. मग अंजू उभी राहिली. तिनं वाचायला सुरुवात केली तशी मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली, शिपाई हातातली घंटा विसरून दारात उभा राहिला. चार ठिकाणी ती 'पानी' म्हणाली. बाईंनी चारही वेळा पेन्सिल टेकवली आणि अंजूचे गुण असे कापले, की बेरजेत गुंजन दोन गुणांनी वर आली.

यादी लागली तेव्हा अंजू शिक्षकांच्या खोलीत आली.

"बाई, मी कुठं चुकली?"

"वाचतेस छान गं," बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "पण उच्चार शुद्ध नाहीत. तांड्यावरची बोली जिभेवर बसलीय. त्याला तू तरी काय करशील?"

पोरगी पायाकडे बघत बाहेर गेली. आठवड्याभरात तांड्यावरून ट्रक निघाला आणि अंजूचा बाक रिकामा झाला.

आता बाईंना सुखाची झोप लागायला हवी होती. पण गुंजन पेढ्याला हात लावीना. "अंजू माझ्यापेक्षा चांगली वाचते, आई. सगळ्या वर्गाले माहीत आहे," एवढंच म्हणाली. म्हणजे आता पोटची पोरही तिचंच कौतुक करणार! बाईंचा जळफळाट झाला. तेवढ्यात मागच्या अंगणातली टाकी भरून वाहायला लागली, आणि त्याच तणतणीत त्या ओरडल्या, "अगं, पानी वाहून राह्यलं! नळ बंद कर ना!"

गुंजननं नळ बंद केला. मग आईकडे वळून शांतपणे विचारलं, "तुझे किती गुण कापायचे?"

बाईंनी तिच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा. आणि मग स्वतःच चुलीपुढं बसून रडल्या.

रविवारी त्या काळी-पिवळी जीपमध्ये बसून तांड्यावर गेल्या. कशाला, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. निम्म्या घरांच्या दारांना बाभळीच्या काट्या लावलेल्या. धावजीच्या घरी त्याची म्हातारी आई, धनीबाई, तेवढी मागे राहिली होती.

"ये बाई, बस. पाणी देऊ?"

बाई चमकल्या. "काय म्हणालात आजी?"

"पाणी. उन्हाची आली, तहान नाही लागली?"

खणखणीत ण. पुण्याच्या नणंदेनंही मान डोलवावी असा.

"तुमच्या बोलीत पाणी म्हणतात?"

"मंग काय म्हंतेत? आमच्या गोरमाटीत पाणीच. पानी तर अंजू तुमच्या शाळेतून शिकून आली. आमी हासत होतो तिले." म्हातारीनं लोटा पुढे केला. मग तिचा आवाज बसला. "आता पोरगी आमची बोलीच बोलेना बाई. म्हने, दादी, या बोलीनं माहं नाव गेलं. तिची माय बोले, तर कानावर हात ठेवे. जमनी रडत रडतच ट्रकात चढली."

रजनीबाईंनी लोटा न पिताच खाली ठेवला. पोरीची जागा त्यांनी घेतली होती, ते त्यांना ठाऊक होतं. पण तिची आई, आजी, घरातले सगळे शब्द, सगळंच तिच्यापासून तोडलं, आणि तेही खोट्या कारणानं. घरच्या कपातल्या चहानं हे कसं झाकलं जाणार होतं? लाजेनं त्यांचं तोंड वर होईना.

घरी येऊन त्यांनी गुंजनला सगळं सांगितलं. गुंजन मान खाली घालून ऐकत राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही, बाईही जेवल्या नाहीत.

सोमवारी हेडसरांच्या टेबलावर त्यांनी कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं: 'वाचनात अंजू पहिली होती. मी हेव्यापोटी तिचे गुण कापले आणि दोष तिच्या बोलीवर टाकला.'

सरांनी दार लोटून घेतलं. "बाई, हे नोकरीवर येईल. बेरजेत चूक झाली असं लिहा. मी नाव बदलतो, यवतमाळला कळवतो. पोरीला जागा मिळाली म्हणजे झालं ना?"

क्षणभर बाईंचा हात कागदाकडे गेला. खोटं कशाला सांगू, हेवा तेव्हाही पोटात होताच. लेकीचं नाव खोडलं जाणार हे सलत होतंच. पण हात त्यांनी मागे घेतला.

"जागा भेटेल सर. पण ती पोरगी जन्मभर समजत राहील, का तिच्या मायच्या बोलीनं तिचं नुकसान केलं. उद्या तिची लेकरंही तेच समजतील. बोली चांगली होती आणि मास्तरीण वाईट होती, हे तिले कळलं पाहिजे. तिच्या मायपुढं, तिच्या बापापुढं. ते सांगाले मी स्वतः जाणार आहे."

सरांनी यादी पुढे ओढून गुंजनच्या नावावर रेघ मारली आणि विचारलं, "किती दिवसांची रजा लिहू?"

"ती भेटेपर्यंत," रजनीबाई म्हणाल्या.