आतली कडी

इंजिनिअर बाईंनी वस्तीतल्या नव्या संडासाचा नकाशा उघडला आणि विचारलं कुणाला, तर नणंदेला. "ताई, तुम्ही सांगाल तसं करू."

वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षं नणंदेची चाकांची खुर्ची जुन्या संडासापर्यंत कोण ढकलत होतं? पायरीवरून उचलून आत कोण बसवत होतं, आणि दार धरून बाहेर कोण उभं राहत होतं? मान मात्र ताईंना.

"वहिनी, टेपचं टोक धर ना."

"धरते की. तेवढ्यासाठीच तर आहे मी."

महिनाभर तेच चाललं. खुर्चीसाठीच्या चढाचा उतार, भिंतीतला दांडा, नळ, साबणाचा कोनाडा, सगळं नणंदेच्या हाताच्या मापानं. बायकोचंही न ऐकणारा मिस्त्री तिच्यापुढे मान डोलवायचा. घरी आलं तरी हिच्या तोंडी बाईच.

"बाई म्हणाल्या, माझ्यामुळे म्हाताऱ्यांची, पोटुशा बायकांचीपण सोय झाली."

"हो का. मग वेणीपण बाईंकडूनच घालून घे."

नणंद हसली. हसली, म्हणून वहिनीला जास्तच झोंबलं.

काम संपत आलं तेव्हा एकट्या वहिनीच्या लक्षात आलं, दाराची आतली कडी उभ्या माणसाच्या खांद्याएवढी उंच बसली होती. खुर्चीतून हात पोचणं शक्य नव्हतं. नणंदेनं सगळ्याची मापं दिली, कडीचं दिलंच नाही. देणार कुठून? जन्मात तिनं कधी कडी लावली नव्हती. दार वहिनी धरायची.

वहिनी गप्प बसली. राहू दे वरच. हाक मारेल, आणि मलाच मारेल. त्या दिवशी भांडी घासताना ती चक्क गुणगुणत होती.

संडास उघडायच्या आदल्या सकाळी नणंद तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. वहिनी बघतच राहिली. ही पोर दुपारपर्यंत घोटभर पाण्याला शिवत नसे. मग सारखी उन्हाळी लागायची, ताप चढायचा, डॉक्टर रागवायचे.

"आज एवढी तहान कसली गं?"

"तहान रोजचीच. आता सवय करतेय. उद्यापासून तुला ताटकळत ठेवायला नको."

"मी कधी काही बोलले?"

"नाही गं. पण बाहेर तुझी चप्पल आपटायची ना, ती आत ऐकू यायची."

वहिनीनं पायांकडे पाहिलं. मग पदर खोचून तरातरा मिस्त्रीकडे गेली.

"कडी हातभर खाली घ्या."

"आता? रंग झालाय, वहिनी. आधी नाही का बोलायचं?"

"आठ दिवस माहीत होतं. नाही बोलले. चला, टेप मी धरते."

दुसऱ्या दिवशी नणंद चढावरून एकटीच वर गेली. वहिनी सवयीनं मागोमाग गेली, दार धरायला हात पुढे केला, आणि आतून खट्ट आवाज आला. हात तसाच राहिला.

बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "कडीचं तुम्ही सांगितलंत म्हणे. आमच्या ध्यानातच आलं नाही."

"येणार कसं? तुम्ही कधी दार धरलंय तिचं?"

आत नळ सुटला होता, अगदी निवांत. वहिनी चढाच्या कठड्यावर बसली आणि चपलेचा आवाज नको म्हणून तिनं पाय वर घेतले.