डाव्या हाताची चांदणी

वर्गातली पोरं मला पाठीमागे मिरची म्हणतात. म्हणू देत. बावीस वर्षं शिकवतेय, राग नाकावर असतो, तोंड फटकळ आहे, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. पण मी फसवी आहे असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. ते आता मीच म्हणते.

गेल्या सुट्टीत आम्हा शिक्षकांना पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. विषय, मुलं शिकतात कशी. पहिले सर म्हणाले, ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते मूल पुन्हा करतं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, छे, ज्ञान वरून ओतता येत नाही, मूल ते स्वतः हाताळून, चुकून-माकून मनात उभं करतं. तिसरे म्हणाले, एकट्याला जमत नाही ते जाणत्याच्या सोबतीनं जमतं, म्हणून मुलांच्या जोड्या लावा. मी तिन्ही वहीत उतरवलं. खरं सांगू? पहिलं मला आवडलं, कारण ते सोपं होतं. चमकत्या चांदण्यांच्या पट्ट्या आणल्या, भिंतीवर नावांचा तक्ता लावला, की झालं. जोड्याही लावल्या, दोघांत एक वही, तपासायला वह्या निम्म्या झाल्या. मधलं तेवढं सोडून दिलं. अडतीस पोरांना चुकायला वेळ द्यायचा म्हणजे वर्ष पुरायचं नाही.

आणि मग ती हातांची युक्ती. तपासणीला माणसं येणार म्हटल्यावर मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दिवसातून तीनदा वर्गात डोकावू लागल्या. मी म्हटलं, काळजी सोडा. पोरांना सांगितलं, "पाहुणे बसलेले असताना मी प्रश्न विचारला की प्रत्येकानं हात वर करायचा. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. हात वर दिसला की संध्याकाळी चांदणी." पोरं खूश. प्रश्न विचारला की अडतीस हात वर. मी उजव्यांतला एक निवडायची, उत्तर टणाटण यायचं. पाहुणे थक्क! महिन्याभरात दारावर 'नमुना वर्ग' अशी पाटी लागली. मग दर बुधवारी कुणी ना कुणी बघायला येऊ लागलं. मी पुढच्या वर्षी प्रशिक्षक होणार अशी कुजबुज सुरू झाली. मला गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू.

या वर्गात माझी भाची होती. थोरल्या बहिणीची मुलगी, घरी सगळे चिमणी म्हणतात. घरी मी तिची मावशी, शाळेत बाई, आणि ती कधी चुकूनही गल्लत करायची नाही. ताई शिवणकाम करते. तिची शाळा सातवीत सुटली. चिमणीला माझ्या वर्गात घातलं तेव्हा म्हणाली, "तुझ्या हाती दिलीय. आता मला घोर नाही. तिचं माझ्यासारखं व्हायला नको, एवढं बघ."

बघत होते की! तक्त्यावर चिमणीच्या चांदण्या दुसऱ्या नंबरला होत्या. वही जोडीची, तीही टापटीप. फक्त अक्षर दर वेळी शेजारणीचं होतं. आणि चिमणीचा हात दर बुधवारी वर असायचा, सगळ्यांत उंच, अगदी बाकावरून उठून. डावा.

मला दिसत नव्हता का? दिसत होता हो. पण माझी नजर उजव्या हातांवर जायला इतकी सरावली होती, की डावे हात म्हणजे मागची भिंत. हात वर केला की चांदणी, हे पोरं शिकली. उजवा हात निवडला की शाबासकी, हे मी शिकले. त्या पहिल्या सरांचं म्हणणं माझ्यावरच खरं ठरलं आणि मला पत्ता नाही.

मागच्या बुधवारी प्रशिक्षण विद्यालयातून एक वयस्कर बाई आल्या. जाड चष्मा, हातात साधी वही. बाकीचे पाहुणे पुढे खुर्चीवर बसायचे, या जाऊन शेवटच्या बाकावर पोरांत बसल्या. माझा अपूर्णांकांचा पाठ चालू होता. मी विचारलं, "अर्धा मोठा की एक तृतीयांश?" अडतीस हात वर. मी उजव्यांतला एक निवडणार, तेवढ्यात चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "त्या मुलीला विचारा ना. मघापासून तिचाच हात सगळ्यांत वर आहे."

माझ्या पाचावर धारण बसली. "सांग गं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

चिमणी उभी राहिली. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की बाई, तुम्ही चुकलात, हा डावा आहे. मग हळूच म्हणाली, "एक तृतीयांश. कारण तीन मोठे आहेत."

चष्मेवाल्या बाईंनी इकडेतिकडे बघितलं. काही हात अजून वर होते. "ही डावाच हात का वर करते? आणखी बऱ्याच जणांचा डावा दिसतोय," त्यांनी मला विचारलं.

तेव्हा खरं सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण दारावरची पाटी डोळ्यांसमोर आली, आणि माझ्या तोंडून निघालं, "बाकीच्यांचं काही नाही हो, पोरं आहेत, कुठलाही हात करतात. ही मात्र डावखुरी आहे. गोंधळली जराशी."

"असं?" त्या म्हणाल्या. "मग पुढच्या बुधवारी परत येते. या मुलीचं लिखाण मला जवळून बघायचंय, तिच्या शेजारी बसून." आणि वहीत काहीतरी लिहून गेल्या.

संध्याकाळी तक्त्यावर मी चिमणीची चांदणी लावली. सवयीनं. तीन दिवस मी स्वतःची समजूत घालत राहिले, की बुधवारी तिला सुट्टी घ्यायला सांगू, पोट दुखतंय म्हणू. तिला अपूर्णांक शिकवावेत हे एकदाही मनात आलं नाही. थू माझ्या जिनगानीवर.

शनिवारी दुपारी ताईचा फोन आला. "अगं, चिमणीला तू काय सांगितलंस? तीन दिवस झाले, दात डाव्या हातानं घासते, केस डाव्या हातानं विंचरते. वेणीचा पार बट्ट्याबोळ. विचारलं तर तोंडाला कुलूप. ये बाई, तूच बघ."

गेले. ताई मशीनच्या बाजूच्या टेबलावर कापडाच्या घड्या घालत होती, एकदा दुमडलं, पुन्हा दुमडलं, चार सारखे भाग, बोलता बोलता. चिमणी खाली बसून लिहीत होती. पेन्सिल डाव्या मुठीत गच्च. जीभ दातांत. पानभर वेडीवाकडी अक्षरं, खोडून खोडून कागद फाटलेला. करंगळीजवळ शिशाचा काळा डाग.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

ती उठून माझ्या कानाशी आली. "मावशी, त्या बाई बुधवारी येणार ना? तोवर येईल मला. अर्ध्या पानाचं अक्षर तर बरं आलंय बघ. तू खोटं बोललीस असं कुणाला कळणार नाही."

तीन दिवसांत या पोरीनं, कुणी न शिकवता, चुकत-माकत, स्वतःच्या हिमतीवर केवढं शिकून घेतलं होतं! आणि ते माझं खोटं खरं करायला.

"चिमणे," मी म्हटलं, "अर्धा मोठा की एक तृतीयांश? बुधवारचं सोड. खरंच तुला काय वाटतं?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि हात वर केला. डावा. ताठ, कोपर कानाला लावून. मग नेहमीसारखी माझ्याकडे बघत थांबली. उत्तर देण्यासाठी नाही. चांदणीसाठी.

ताईनं हातातली घडी बाजूला ठेवली. "हात कशाला वर केला गं तिनं? येतंय ना तिला?"

"नाही ताई. डावा हात म्हणजे येत नाही. मीच शिकवलंय."

"म्हणजे?"

मी सांगितलं. सगळं. पाहुणे, पाटी, जोडीची वही, डावखुरी. ताई ऐकता ऐकता तीच घडी उलगडून पुन्हा पुन्हा घालत होती.

"वर्षभर हात वर करून पोर तुला सांगत होती," ती शेवटी म्हणाली, "मला येत नाही, मला येत नाही म्हणून. आणि तू?"

"मी तिला त्याची चांदणी देत होते," मी म्हटलं.

चिमणीचा हात अजून वरच होता. ती आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती, आणि तिला वाटलं असावं की आपलंच काही चुकलं. म्हणून तिनं डावा खाली घेतला आणि हळूच उजवा वर केला.