दर तासाची नोंद

सिस्टरची पाचावर धारण बसली होती. वॉर्डात रक्ताचं थारोळं पाहूनही जिचा हात कधी थरथरला नाही, तिला आज न्यायालयाच्या बाकावर पर्सचा बंद धरून ठेवता येईना.

कारण साधं होतं. तिच्या वॉर्डात तक्ता आधीच भरून ठेवायची पद्धत होती. खाटा बत्तीस, सिस्टर दोन, आणि दर तासाची नाडी लिहिलेली दिसली नाही तर मेट्रन सगळ्यांदेखत पाणउतारा करायची. मग हुशार बाया दोनच्या फेरीतच तीनचे आणि चारचे आकडेही टाकून मोकळ्या होत. नव्या मुलींना हे शिकवलं जाई, तेही मायेने. इतक्या वर्षांत काही बिघडलं नाही म्हणजे बरोबरच असणार, असं समजणाऱ्यांत आपली सिस्टरही होती.

त्या दुपारी सातव्या खाटेवर सिझेरियन झालेली मुलगी होती. सिस्टरने भरलेल्या तक्त्यात तिची तीनची नाडी अठ्ठ्याहत्तर, चारची ऐंशी. सव्वाचारला आया चादर बदलायला गेली, तर मुलगी गेलेली. आतल्या आत रक्तस्राव झाला होता. तो हळूहळू झाला असता तर नाडी आधीच वाढलेली दिसली असती. हळूहळू की एकाएकी, एवढ्यावर तिच्या आईने रुग्णालयावर भरलेला सारा खटला होता, आणि तक्ता म्हणत होता, एकाएकी.

"विचारतील तेवढंच बोला," रुग्णालयाच्या वकिलांनी सकाळीच बजावलं होतं. "नोंदीप्रमाणे म्हणायचं आणि गप्प बसायचं. नोकरी तुमची जाईल, माझी नाही."

ती पिंजऱ्यात उभी राहिली. मुलीच्या आईचे वकील चष्म्यावरून बघत होते.

"या नोंदी त्या त्या वेळी तुम्हीच केल्या?"

"नोंदीप्रमाणे... हो."

ते खाली बसले. जेवणाची सुट्टी झाली. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही.

बाहेर बाकावर ती टेकते न टेकते तोच मुलीची आई समोर येऊन उभी राहिली. आता ही थोबाडीत देणार, असं वाटून सिस्टरने अंग चोरलं. बाई शेजारी बसली आणि तिने सिस्टरचा हात हातात घेतला.

"मला कोर्टातलं काही कळत नाही, सिस्टर. पण तो कागद मी वकिलांकडून मागून घेते आणि बघत बसते. तीनला तुम्ही तिच्यापाशी होता, चारला होता. नाडी बघताना हात धरला असेल ना तिचा? माझी पोर एकटी गेली नाही, एवढंच मला पुरे आहे."

सिस्टर हादरली. नोकरीची भीती या बोलण्यापुढे काहीच नव्हती. समोरून रुग्णालयाचे वकील लगबगीने येताना दिसत होते.

"मावशी, मी नव्हते," ती म्हणाली. "तीनला नव्हते, चारलाही नव्हते. दोनलाच सगळं लिहून ठेवलं होतं."

बाईला समजायला वेळ लागला.

"म्हणजे ती एकटीच होती?"

"हो."

बाईने हात सोडला नाही. इतका आवळला की सिस्टरची बोटं कळवळली. मग ती उठली.

"चला आत," ती म्हणाली. "हे तिथं सांगा."

सिस्टर तिच्यामागे निघाली.